तालमीतला कायमचा जखमी

गेल्या अठरा वर्षांत तो पस्तीस वेळा जखमी झाला होता आणि त्याच्या अंगावर एकाही जखमेचा व्रण नव्हता.

नोकरीच्या कागदांत तो पंपचालक होता. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याला खेटून प्रोपेन वायूचं एक लहानसं साठवण केंद्र होतं. तारेच्या कुंपणाआड तीन आडव्या पांढऱ्या टाक्या, दोन पंप, पाइपांचं जाळं, एक कंट्रोल रूम, एक स्टोअर आणि फाटकाजवळ पहारेकऱ्याची चौकी. टाक्यांमध्ये वायू दाबाखाली पातळ होऊन बसलेला असे आणि तिथून पंपाने कारखान्याच्या भट्टीकडे जाई. भट्टी चोवीस तास पेटलेली, त्यामुळे पंपही चोवीस तास चालू. पंपाच्या आवाजात जरा फरक पडला की तो याला आधी कळे आणि मीटरला मागाहून. पण या गोष्टीचं कौतुक कोणाला नव्हतं. केंद्रातले बावीसच्या बावीस लोक त्याला 'शहीद' म्हणत, आणि हे नाव त्याला तालमीमुळे पडलं होतं.

अशा ठिकाणी आग लागली किंवा स्फोट झाला तर कोणी काय करायचं, याचा सराव दर सहा महिन्यांनी करावा लागतो. कागदावर त्याचं नाव 'आपत्कालीन रंगीत तालीम'. कामगार नुसतं तालीम म्हणत. भोंगा वाजला की वायू गळाला असं समजायचं. मग एकाने फोन केल्यासारखं करायचं, एकाने पाण्याचे फवारे सोडल्यासारखं करायचं, एकाने टाकीखालचं मोठं चाक फिरवून वायू बंद केल्यासारखं करायचं. आणि एकाने जखमी व्हायचं.

अगदी पहिल्या तालमीत जखमी कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा स्ट्रेचर उचलणारे चौघे एका सुरात म्हणाले, "हा!" कारण उघड होतं. एकोणपन्नास किलो वजनाचा माणूस केंद्रात तो एकटाच होता.

पहिल्या वर्षी तो नुसता आडवा पडला. दुसऱ्या वर्षी कण्हला. तिसऱ्या वर्षी त्याने ऑफिसातून शिक्क्याची लाल शाई पळवली आणि कपाळाला फासली. पुढे पुढे तर तो असा तळमळू लागला की काचेच्या कारखान्यातले लोक गच्चीवर येऊन बघत. एका तालमीत त्याला इतका रंग चढला की तो मेलाच. "माझ्या मुलांना सांभाळा" म्हणून त्याने मान टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तालमीचा अहवाल लिहायला बसल्यावर कळलं की जखमीला एक फॉर्म लागतो आणि मयताला नऊ. मॅनेजरसाहेबांचे दोन दिवस त्यात गेले. तेव्हापासून त्यांची सक्त ताकीद होती, "कितीही भाजा, काही म्हणणं नाही. पण मरायचं नाही."

घरी बायको दार उघडताना विचारायची, "आज काय भाजलं?"

"डावा हात. कोपरापर्यंत."

"बरं झालं. उजव्या हाताने ती बादली उचला आणि गच्चीवर नेऊन ठेवा."

बायकोच्या थट्टेचं त्याला काही वाटत नसे. वाटायचं ते साडूचं. त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच केंद्रात फिटर होता. सहा फूट उंच, ब्याण्णव किलो, आवाज असा की भोंग्याची गरज पडू नये. तालमीत मोठं चाक बंद करायचं काम पहिल्यापासून साडूकडे. तो छाती काढून टाकीखाली जायचा, चाकासमोर दोन्ही हात धरायचा, हवेत चार गिरक्या मारल्यासारखं करायचा आणि "बंद!" असं गरजायचा. चाकाला प्रत्यक्षात कोणी हात लावत नसे, कारण ते फिरलं असतं तर शेजारची भट्टी विझली असती. चाक बंद केल्यावर साडू तसाच धावत स्ट्रेचरच्या डोक्याकडची बाजू धरायला यायचा. नायकाला दोन प्रवेश हवेत, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं केंद्रात राहतं तर चाललं असतं. पण दर तालमीनंतरच्या सुट्टीच्या दिवशी दोघे साडू सासूबाईंकडे जेवायला जात. सासूबाईंना ऐकायला कमी येत असे. त्यांच्या समजुतीप्रमाणे थोरला जावई दर सहा महिन्यांनी खरोखरच भाजायचा आणि धाकटा त्याला खरोखरच वाचवायचा.

"हा आमचा थोरला फार धांदरट," त्या शेजारणीला सांगत. "धाकटा आहे म्हणून बरं."

"अहो आई, तो सराव असतो! खोटा खोटा!" थोरली लेक त्यांच्या कानाशी ओरडायची.

"हो गं, खोटं कशाला बोलू? धाकट्यानेच वाचवलं." असं म्हणून त्या धाकट्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढत. साडू मिशीवरून हात फिरवत म्हणायचा, "त्यात काय एवढं, आई? माझं कामच आहे ते." शहीद ताटात बघत घास मोजायचा.

आता निवृत्तीला सात महिने राहिले होते. म्हणजे हातात तालमी उरल्या दोन. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, ते चाक आपल्या हातून बंद व्हावं. मग सासूबाईंना काय सांगायचं ते तो सांगणार होता.

त्याने मनाचा हिय्या केला आणि मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, या वेळी चाक मला द्या."

साहेब परवान्याच्या नूतनीकरणाची फाइल चाळत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि जखमी कोण होणार?"

"कोणीही होईल. आडवंच तर पडायचंय."

"अहो, काय बोलताय! या वेळी तपासनीस येणार आहेत. बाहेरून. त्यांच्या शेऱ्यावर परवाना आहे आपला. आणि अशा वेळी मी नवखा जखमी घालू? तुमच्याइतकं चांगलं तळमळतं कोण इथे?"

"साहेब, पण अठरा वर्षं..."

"तेच म्हणतो मी. अठरा वर्षांचा अनुभव आहे. तो वाया घालवायचा?" साहेबांनी फाइल मिटली आणि आवाज खाली आणला. "आणि या वेळी मी धूरही ठेवलाय. कुंपणाबाहेर, खालच्या कोपऱ्यात एक पिंप. त्यात तेलकट चिंध्या. मी शिट्टी वाजवली की स्टोअरकीपर पेटवेल. काळा धूर, समोर तुम्ही तळमळताय... तपासनीस बघतच राहतील."

केंद्रात आगकाडी आणणं म्हणजे नोकरीवर पाणी. पहारेकरी फाटकावर प्रत्येकाचे खिसे चाचपे. मोबाइलसुद्धा चौकीत ठेवावा लागे. त्याच पहारेकऱ्याने तालमीच्या सकाळी स्वतःच्या हाताने एक काडेपेटी स्टोअरकीपरला दिली आणि वहीत नोंद केली: काडेपेटी एक, काड्या एक्केचाळीस, तालीम संपताच परत. स्टोअरकीपरने काड्या मोजून घेऊन सही केली. तो गृहस्थ साधा बोल्ट द्यायचा झाला तरी तीन सह्या मागणारा. काडेपेटी त्याने मुठीत अशी धरली की जणू तिला पाय फुटतील.

तालीम साडेदहाला होती. ऊन चांगलं तापलं होतं आणि वारा अगदी पडलेला होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती. मॅनेजरसाहेब आणि तपासनीस टाक्यांच्या पलीकडे चौथऱ्यावर उभे होते. तपासनीस हे बारीक चणीचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. हातात वही, चेहऱ्यावर काही नाही. साहेबांच्या गळ्यात शिट्टी, हातात ध्वनिवर्धक.

भोंगा वाजला. शहीद ठरल्याप्रमाणे पंपाजवळ कोसळला, कुशीवर वळला, गाल फरशीला टेकवला आणि कण्हायला सुरुवात केली. आज त्याचं मन लागत नव्हतं. लांबून साडूचं "बंद!" ऐकू आलं तसा तो आणखीच खट्टू झाला.

तेवढ्यात त्याला वास आला.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावं म्हणून त्यात कुजक्या कोबीसारखा वास मुद्दाम मिसळतात. शिवाय तो हवेपेक्षा जड. वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि उतार शोधत जातो. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत यायला त्याला वेळ लागतो. आडव्या माणसाकडे तो आधी येतो.

शहीदच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की साहेबांनी धुरासारखा वासही ठेवलेला दिसतोय. हौस दांडगी. मग त्याने डोळे किलकिले करून पंपाच्या पोटाखाली पाहिलं. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे पांढरंशुभ्र बर्फ धरलं होतं. एवढ्या उन्हात. आतला पातळ वायू बाहेर पडताना उडून जात होता आणि लोखंड गारठवत होता. बर्फाला अभिनय येत नाही.

त्याचं कण्हणं आपोआप थांबलं. पंपाशेजारून पावसाचं पाणी जायची एक उथळ नाली होती. ती उतरत उतरत कुंपणाखालून बाहेर पडायची, खालच्या कोपऱ्यात. पिंप ठेवलं होतं त्याच कोपऱ्यात. सुरक्षित अंतर म्हणून साहेबांनी स्वतः सत्तर पावलं मोजली होती. पावलं बरोबर होती, उतार कोणी पाहिला नव्हता. वायू आपल्या पायांनी ठिणगीकडे चालत निघाला होता, आणि शिट्टी वाजली की ठिणगी नालीतून उलटी धावत येऊन थेट टाक्यांखाली पोहोचली असती.

शहीद ताडकन उठून बसला. "गळतोय! खरा गळतोय! शिट्टी वाजवू नका!"

ध्वनिवर्धकातून साहेबांचा आवाज आला. "जखमीने आडवं पडावं. जखमी बेशुद्ध आहे."

"साहेब, खरा वायू..."

"जखमीने बोलू नये!" मग तपासनिसांना उद्देशून, पण ध्वनिवर्धक तोंडाशीच ठेवून, "आमचा हा माणूस फार समरस होतो."

कारखान्याच्या गच्चीवरून कोणीतरी टाळी वाजवली. कंट्रोल रूममध्ये वायूचा सुगावा लागल्यावर पेटणारा लाल दिवा केव्हाचा उघडमीट करत होता. तिथला ऑपरेटर तो बघून खूश झाला होता. या वेळी दिवासुद्धा लावलाय म्हणजे तयारी जोरदार आहे, असं त्याला वाटलं. आपत्कालीन बटण त्याच्या हाताखालीच होतं. पण आज काहीही झालं तरी ते दाबायचं नाही, भट्टी विझेल, असं त्याला चार वेळा बजावलं होतं.

स्ट्रेचरवाले धावत आले. डोक्याकडे साडू.

"साडूभाऊ, ऐका माझं. पंपातून गळतोय. बर्फ बघा खाली, बर्फ!"

"वा! आज वरची पट्टी लागलीय!" साडू म्हणाला. "अरे, बांधा याला. भ्रम झालाय. डोक्याला मार दिसतो."

"अहो, गंमत करत नाही मी!"

"गेल्या खेपेलाही हेच म्हणाला होतात. हात आत घ्या, पट्ट्यात अडकेल."

आणि गेल्या खेपेला तो खरोखरच तसं म्हणाला होता. त्याच्या आधीच्या खेपेलाही. ते वाक्य त्याचं स्वतःचं, स्वतः रचलेलं, आणि लोकांना ते फार आवडायचं.

बघता बघता चार पट्टे आवळले गेले. शहीद स्ट्रेचरवर घट्ट बांधलेला, तोंडावर लाल शाई, नाकात कोबीचा वास, आणि लांब चौथऱ्यावर साहेबांचा हात शिट्टीकडे चाललेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरीखुरी मरणाची भीती वाटली आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की ओरडून काही उपयोग नाही. ओरडणं अठरा वर्षांत खर्ची पडलं होतं. चौघे उभे होते, नाकं जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर. एक तरी नाक खाली यायला हवं.

त्याने डोळे अर्धवट मिटले आणि अगदी हळू म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या बायकोने परवा आमच्याकडे येऊन तुमच्याबद्दल काय सांगितलं, ते कानात सांगायचं होतं."

साडूचा हात हवेतच थांबला. "थांबा रे, उचलू नका. काय सांगितलं?"

"चारचौघांत कसं सांगू?"

साडू गुडघ्यावर बसला. "हं. बोला."

"अजून खाली या."

"काय सांगितलं तिने?"

"आधी एक मोठा श्वास घ्या. धक्का बसेल."

साडूने शहीदच्या तोंडाशी कान नेऊन भलामोठा श्वास घेतला. ब्याण्णव किलोच्या माणसाचा श्वास तो. अर्ध्यावरच त्याचे डोळे मोठे झाले. त्याने पंपाखाली पाहिलं. बर्फ आता बोटभर जाड झालं होतं.

"बाप रे," साडू म्हणाला. एरवी भोंग्यासारखा असलेला त्याचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघाला.

साडूने वॉकीटॉकी काढला. तालमीच्या नियमावलीत एक कलम होतं. तालीम चालू असताना खरा अपघात घडला तर 'वास्तव' हा शब्द तीनदा उच्चारावा. नियमावली लिहिणाऱ्याला शब्द भारदस्त हवा होता. साडूला तो नेमका आठवला, हे त्याचं मोठेपण.

"वास्तव! वास्तव! वास्तव!"

कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरने हजेरीचा कागद वर-खाली पाहिला. "वास्तव कोण? नवीन लागलाय का? आज हजर नाही."

"अरे, वास्तव म्हणजे वास्तव!"

"हो, पण कुठल्या खात्यात?"

"गाढवा, खरा वायू गळतोय!" स्ट्रेचरवरून शहीद ओरडला. "फवारे सोड! सगळे सोड!"

साडू आणि एक स्ट्रेचरवाला चाकाकडे पळाले. मागे उरले दोघे. घाबरलेल्या माणसाला सरावातलंच तेवढं सुचतं. त्यांनी स्ट्रेचर उचललं. पट्टे सोडायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"मला कुठे नेताय?"

"दवाखान्याच्या गाडीत."

"मरा तिकडे! काडेपेटीकडे चला. खालच्या कोपऱ्यात. नालीतून नको, वरच्या बाजूने पळा!"

एकोणपन्नास किलो वजन आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या कामी आलं. दोघेजण त्याला घेऊन असे सुटले की स्ट्रेचरचे दांडे कुरकुरू लागले. खालच्या फाटकातून बाहेर पडताना त्याने मान वळवून पाहिलं. साडू चाकाला लोंबकळत होता आणि चाक ढिम्म हलत नव्हतं. अठरा वर्षं हवेत गिरक्या मारल्यावर चाक तरी का हलावं? ते जागच्या जागी गंजून बसलं होतं.

स्टोअरकीपर पिंपाजवळ ताठ उभा होता. एकाच मुठीत काडेपेटी आणि काढून ठेवलेली काडी, नजर शिट्टीवर. पायाशी खबरदारी म्हणून पाण्याची बादली.

"काडेपेटी द्या इकडे!"

"कोणाच्या आदेशाने?"

"माझ्या."

"तुम्ही जखमी आहात. जखमीला माल देता येत नाही. शिवाय माझ्या सहीने आलीय ती, माझ्याच सहीने परत जाईल."

"अहो, नालीत वायू आहे! पेटवलंत तर सहीला हात राहणार नाही तुमचा!"

"तसं लेखी आणा."

शहीदने स्ट्रेचरच्या पुढच्या माणसाकडे पाहिलं. त्याला उमगलं. त्याने एका हाताने स्टोअरकीपरचं मनगट धरलं आणि काडेपेटीसकट, काडीसकट, बाहीसकट हात बादलीत बुडवला. दुसऱ्या हातातला दांडा सुटल्यामुळे शहीदचं डोकं जमिनीवर आपटलं. पस्तीस तालमींत न झालेली जखम छत्तिसाव्या तालमीत झाली.

त्याच क्षणी साहेबांची शिट्टी वाजली. लांब, खणखणीत.

स्टोअरकीपर आदेश पाळणारा माणूस. त्याने बादलीतून हात काढला, निथळती काडी निथळत्या पेटीवर ओढली. फुस्स. दुसरी काढली. फुस्स. तिसऱ्या काडीचं गूल बोटाला चिकटून आलं. शहीद जमिनीवरून हे सगळं पाहत होता. तीन काड्यांत त्याचं अर्धं आयुष्य संपलं.

"माल खराब झाला," स्टोअरकीपर खिन्नपणे म्हणाला. "याची जबाबदारी कोणाची?"

इतक्यात ऑपरेटरच्या डोक्यात वास्तव एकदाचं शिरलं. त्याने बटण दाबलं, पंप थांबला. आणि फवाऱ्यांच्या जेवढ्या तोट्या होत्या तेवढ्या त्याने एकदम उघडल्या. टाक्यांवरून, पाइपांवरून, चौथऱ्यावरून पाणी कोसळायला लागलं. जमिनीलगतचा वायू पाण्याच्या माऱ्याने फाटत, विरत गेला. तपासनिसांचा पांढरा शर्ट अंगाला चिकटला. त्यांच्या वहीतली शाई ओघळली. साहेब छत्री कुठे मिळते ते बघत गोल गोल फिरत होते. साडूने आणि त्याच्या जोडीदाराने चाकात लोखंडी पहार घालायचं मनात आणलं, मग ठिणगीच्या भीतीने पितळेची आणली आणि कसंबसं चाक फिरवलं. सोळा फेरे. शेवटच्या फेऱ्याला साडू "बंद!" असं गरजायचं विसरला; तो नुसताच मटकन पाण्यात बसला.

पंधरा मिनिटांनी वास गेला. शेजारच्या कारखान्यातून फोन आला की भट्टी विझत चालली आहे, हा काय पोरखेळ आहे. साहेबांनी कपाळावरचं पाणी निपटलं आणि चेहऱ्यावर हसू आणून तपासनिसांकडे वळले.

"कसा काय वाटला आमचा सराव?"

तपासनीस पंपाजवळ गेले, वाकले, वितळणाऱ्या बर्फाला बोट लावलं. मग चालत खालच्या कोपऱ्यात आले. शहीद अजून बांधलेलाच होता. पट्टे सोडायचे की तपासनीस बघायला येईपर्यंत थांबायचं, यावर दोघा स्ट्रेचरवाल्यांत वाद चालला होता.

"आपण कोण?" तपासनिसांनी विचारलं.

"जखमी," शहीद म्हणाला.

"हे रक्त?"

त्याने जिभेने ओठाची कड चाटून पाहिली. "कपाळावरची शाई आहे. मागचं खरं आहे."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. परवाना तीन महिन्यांसाठी आणि तोही अटींवर मिळाला. सरावात कोणत्याही कारणाने विस्तव वापरू नये. 'वास्तव' हा शब्द बदलावा. मोठ्या चाकाला दर महिन्याला वंगण घालावं, दर सरावात पर्यायी नळीतून भट्टीला वायू देऊन चाक प्रत्यक्ष बंद करावं आणि प्रत्यक्ष उघडावं. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ, बाकीच्या अहवालापेक्षा जरा जोर देऊन लिहिलेली: जखमीला बांधण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं.

साडू मात्र या सगळ्यापेक्षा वेगळ्याच काळजीत होता. तो रोज डब्याच्या वेळी शहीदशेजारी येऊन बसे.

"ती काय म्हणाली होती?"

"कोण?"

"माझी बायको. परवा. माझ्याबद्दल."

"जाऊ द्या ना आता."

"जाऊ कसं देऊ? घोरण्याबद्दल होतं का?"

"घोरता होय तुम्ही?"

असं महिनोन्‌महिने चाललं. साडूने घोरणं कमी व्हावं म्हणून कुशीवर झोपायला सुरुवात केली, घरी भांडी घासू लागला, बायकोला फिरायला नेऊ लागला. तिने एकदा थोरल्या बहिणीला विचारलंही की यांना झालंय तरी काय. शहीदने बायकोपाशीसुद्धा तोंड उघडलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि नसलेली गोष्ट राखायला जड जात नाही.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा शेवटची तालीम आली. साहेबांनी स्वतःच बोलावून घेतलं.

"चाक तुम्ही घ्या," ते म्हणाले. "पण जखमी?"

"साडू आहेत ना."

"ब्याण्णव किलो? उचलणार कोण?"

"सहाजण लावा. सहा महिने झाले, फार विचार करताहेत ते. जरा आडवे पडले तर बरं वाटेल त्यांना."

साडू पंपाजवळ आडवा झाला. त्याला कण्हता येईना. तो "आई गं" असं म्हणायचा ते हजेरी दिल्यासारखं. शहीदने जाता जाता वाकून सांगितलं, "नाक उघडं ठेवा. तेवढंच महत्त्वाचं आहे, बाकीचं आपोआप येतं." मग तो टाकीखाली गेला.

चाकाला नवं वंगण होतं. त्याने दोन्ही हात ठेवले आणि फिरवलं. चाक फिरलं. पंपाचा आवाज पहिल्या फेऱ्यात तसाच होता, तिसऱ्यात किंचित पातळ झाला, सहाव्यात त्यात कोरडी खरखर आली. हे बाकी कोणाला ऐकू आलं नाही, त्याला आलं. त्याने हात वर करून पर्यायी नळी उघडायची खूण केली, दुसरा पंप सुरू झालेला ऐकला, आणि मग पुढचे फेरे घेतले. सात. आठ. घाई कसलीच नव्हती. एकोणपन्नास किलोच्या माणसाला सोळा फेरे म्हणजे काम होतं आणि तो मध्ये थांबून श्वास घेत होता.

"अहो, झालं का?" साडू जमिनीवरून ओरडला. "फरशी तापलीय इथे! पाठ भाजली माझी!"

"किती भाजली?"

"खरंच भाजली हो!"

शहीद थांबला. त्याने स्ट्रेचरवाल्यांना हाक मारली. "ऐका रे त्यांचं म्हणणं. बांधू नका एवढ्यात." मग तळहात पँटला पुसले, चाक पुन्हा धरलं आणि नववा फेरा घेतला.